शुक्राच्या दहा गोधड्या

माझी सारी नोकरी बोथ तालुक्याच्या महसूल दफ्तरात गेली. जमिनीच्या तंट्यांत साक्षीदारांचे जबाब लिहून घेता घेता माणसांवरचा भरवसाच उडाला. तिथं आमची एक रीत होती. दोन साक्षीदारांना वेगवेगळं बसवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. दोघं शब्दाला शब्द तेच बोलले, की समजायचं, पढवून आणलेत.

मुलीला गुडीहत्नूरचं स्थळ आलं. मुलगा हैदराबादला शेजारच्या ग्रहांच्या हवेवर संशोधन करतो म्हणे. जिथं कोणी गेलं नाही, तिथल्या हवेवर कसली नोकरी? एकुलती एक पोर भामट्याच्या हाती द्यायची नव्हती. पाहुणे घरी चहा घेत होते, तेवढ्यात त्याला एकट्याला पानटपरीवर नेलं आणि विचारलं, शुक्रावर हवा कशाची, मंगळावर कशाची?

"काका, दोन्हीकडं जास्त करून कार्बन डायऑक्साइडच हाये. थोडासा नायट्रोजन."

सापडला, असं मला वाटलं. "एकच हवा, मंग शुक्र भट्टी अन् मंगळ बरफ, हे काऊन?"

"शुक्रानं दहा गोधड्या पांघरल्या हायेत, काका. मंगळाच्या अंगावर फाटका पंचा. तिकडं हवा लय दाट, इकडं लय विरळ." वर शुक्राच्या ढगांत गंधकाचं तेजाब असतं म्हणाला.

पाहुणे गेल्यावर मुलीला गाठलं. ती बँकेत आहे, शिकली कॉमर्स, विज्ञानाचं तिला शाळेपासून वावडं. सहज म्हटलं, "पोरगा थापा मारते. दोन्ही ग्रहांवर एकच हवा म्हणते."

"थापा कायच्या, बाबा? शुक्रानं दहा गोधड्या पांघरल्या हायेत, मंगळाच्या अंगावर फाटका पंचा."

शंका पोरावर होती, पढवलेली साक्ष निघाली माझ्याच घरात.

"कवापासून बोलून राह्यली त्याच्याशी?"

"दोन वर्षं झाले." स्थळही तिनंच मध्यस्थाकडून आणवलं होतं.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमाले सांगायचं म्हणजे जबाब द्यावा लागते, बाबा. तुमी इचारता, पन आयकत नाही."

राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. हवेचं शाळेतल्या मास्तरांना विचारून घेतलं, ते खरंच निघालं. संध्याकाळी होकार कळवला.

लग्न झालं. जावई माझ्याशी मोकळेपणानं बोलतो. मुलगी फोनवर तब्येत विचारते, जेवलात का विचारते, आणि मग म्हणते, "आईले द्या फोन."