शिलाई मशीनच्या पायट्यावर डिझेल

आमच्या जयपूरच्या क्वार्टरमध्ये मी डिझेल पिणारी जनावरं पाळली होती, असं मी आजही घोगऱ्या आवाजात सांगते, आणि पाहुण्यांचा चहा बशीत सांडतो. खरं तर ते जिवाणू होते. एमएस्सीच्या प्रयोगासाठी बाबांनी त्यांच्या रेल्वेच्या लोको शेडमधली, वर्षानुवर्षं डिझेल प्यालेली काळी माती डबाभर आणून दिली होती.

नेमकं तेव्हाच कॉलेजातला शेकर, म्हणजे चंबू हलवायचं यंत्र, बंद पडला. सर म्हणाले, "पंधरा दिन में तेल गायब करके दिखाइए, नहीं तो दही पर काम कीजिए."

दही! मी दोन चंबू घरीच आणले. दोन्हींत पाणी, क्षार, वर डिझेलचा थर. एकात चिमूटभर माती, दुसरा तुलनेसाठी नुसताच.

आठवडा गेला, थर जागचा हलेना. वाकून पाहिलं, तर वास येतो म्हणून आईनं दोन्ही तोंडं कणकेनं लिंपलेली!

"आई, गुदमरले ना ते!"

"कोण गं?"

मी तिला समजावलं. डिझेल म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. जिवाणूंची विकरं आधी हवेतला ऑक्सिजन साखळीच्या टोकाला जोडतात, मग दोन-दोन कड्या तोडून खातात. हवा नाही तर जेवण नाही, आणि हवा पाण्यात मिसळायची तर चंबू सतत हलवायला हवेत.

"मतलब, ताट वाढलं आणि तोंडं मी बांधली," आई म्हणाली. तिनं स्वतः कणीक खरवडली, कापसाचे बोळे लावले आणि दोन्ही चंबू परकराच्या नाडीनं आपल्या शिलाई मशीनच्या, पायानं चालवायच्या पायट्याला बांधले. "हलवायचंच आहे ना? हा दिवसभर हलतोच."

आठ दिवस आम्ही आळीपाळीनं मशीन चालवलं. कापड संपलं, तेव्हा आईनं उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले.

"एकच अभ्रा किती वेळा शिवणार?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या शेडची माती जेवतेय. गप्प बसा."

शेवटच्या दिवशी कॉलेजात सरांनी दोन्ही चंबू खिडकीत ठेवले, पाणी स्थिर होऊ दिलं. नुसत्या चंबूत तेलाचा थर परत वर आला. मातीच्या चंबूत दुधाळ पाणी, कडेला दोन-चार तेलकट ठिपके, बस.

"शेकर कहाँ मिला आपको?"

"घर पर है, सर. ब्लाउज भी सीता है."

माझा विषय कायम राहिला. दही आम्ही त्या दिवशी साखर घालून खाल्लं.