पाणी म्हण

"ओठ हलव. आवाज काढू नकोस."

सातवीत होते मी. शाळेचं स्नेहसंमेलन. समूहगीताला चाळीस मुली, दोन रांगा. मी मागच्या रांगेत टोकाला. आवाज सगळ्यांत मोठा माझा. पण गाण्यात 'रणांगणी' असा शब्द होता. एका शब्दात दोन 'ण'. माझ्या तोंडून दोन्ही वेळा 'न' पडायचा, आणि पडायचा तो दणक्यात. बाईंनी पेटी थांबवली. मला पुढे बोलावलं. एकदा म्हणायला लावलं. दोनदा. पाचदा. मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मग बाई अगदी मायेनं म्हणाल्या, ओठ हलव, आवाज काढू नकोस.

संमेलनाच्या दिवशी मी ओठ हलवले. आई बाजारातून टोपली आवरून, तोंड धुऊन, पहिल्यांदाच माझ्या शाळेत आली होती. घरी जाताना म्हणाली, "लय ग्वाड गायलीस. समद्यांत तुझाच आवाज येत व्हता."

मी काही बोलले नाही. पस्तीस वर्षं नाही बोलले. ती गोष्ट बाहेर आली एका मोबाइलच्या गेममुळे. हसा. मीही हसते.

मी भाजी विकते. नाशिकला पंचवटीत, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठी. कोथिंबीर, मेथी, शेपू आमच्या मळ्यातली, लसूण-मिरची बाहेरची. सकाळी माझी आरोळी पुलापलीकडे ऐकू जाते असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच, पण खोटं नाही. लिहिताना मी 'आहे' लिहिते, बोलताना 'हाय' म्हणते. दोन्ही माझीच.

दुपारी एक ते चार बाजार पेंगतो. त्या वेळात मी मोबाइलवर शेती करते. मुलीनं गेम टाकून दिला. ठोकळ्यांचं जग. माती चौकोनी, गाय चौकोनी, आपणही चौकोनी. पेरलं की उगवतं, ना मावा ना करपा. अशी शेती मला खऱ्यात कुणी दाखवावी!

एकदा एक डॉक्टर मॅडम मेथी घ्यायला आल्या आणि माझ्या मोबाइलकडे बघतच राहिल्या. "अय्या मावशी, तुम्हीपण?" त्या माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. मी त्यांची मावशी. भाजीवालीला वय नसतं. म्हणाल्या, "आमच्या ग्रुपमध्ये या ना. फार शांत लोक आहेत."

अशी मी निवांतवाडीत गेले. गेममधलं आमचं गाव. नाशिकचीच माणसं, आपापल्या घरून यायची, माइकवर गप्पा मारत घरं बांधायची, झाडं लावायची. माझ्यासकट चौदा जण. गावचे प्रमुख सर. निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोडला बंगला. त्यांनीच तीन नियम केलेले. एक, शस्त्र बाळगायचं नाही. दोन, शिवी द्यायची नाही. तीन, कुणी दिली तर उत्तर द्यायचं नाही. शिवाय देवळाली कॅम्पचे नाना होते. उभी हयात तोफा उडवल्या, कान अर्धे गेले. गेममध्ये साधी कुऱ्हाड हातात धरत नव्हते. फक्त घोडे पाळायचे.

मी काय केलं असेल? पहिल्याच दिवशी चौकोनी चौकात चौकोनी गाजरं मांडली आणि माइकवर आरोळी ठोकली. वाडी खूश. नाना म्हणाले, "या बाईंचं तेवढं मला ऐकू येतं. बाकी सगळे कुजबुजता." सर म्हणाले, "मावशी, तुमच्या बोलण्याला मातीचा वास आहे." मला केवढं बरं वाटलं. गिऱ्हाईक मातीचा वास धुऊन मगच भाजी घरात घेतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग कोब्रा आला.

गेममध्ये घेतलेलं नाव. बरोबर आणखी दोघं. तलवारी, आग, सगळं घेऊन. पहिल्या दिवशी नानांचा तबेला जाळला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमची गुलाबबाग. वाडी गप्प. नियम तिसरा. सरांनी आत यायचा पासवर्ड बदलला. कोब्रा परत आत. पुन्हा बदलला. परत आत.

तिसऱ्यांदा ते माझ्या शेताच्या बांधावर आले. मी सवयीनं ओरडले, "ए, कोन हाय रे तिकडं?"

"कोन?" पोरगा हसला. "आइसक्रीमचा कोन का? कोण म्हण, कोण. भाजीवाली आहेस काय?"

"व्हय," मी म्हटलं. खरंच होतं ते.

"पाणी म्हण."

"पानी."

"ण. ण. जीभ वर लाव. पाणी."

"पा...णी."

"शाब्बास! आता 'आणि' म्हण."

"आनि."

तिघं लोळले. आणि मी थांबले नाही. हे लिहिताना लाज वाटते ती याची. त्यांच्या हसण्याची नाही. मी प्रयत्न करत होते याची. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, बाजारात मेथीच्या ढिगामागं बसून, जीभ टाळूला लावून, कुणा पोराला पास करून घे म्हणत होते. लोणी म्हण. लोनी. कोणी म्हण. कोनी. वाडीतले तेराही जण तिथंच होते. सगळ्यांचे माइक चालू. कुणाच्या तरी पंख्याची घरघर येत होती. तेवढीच.

"घे तुझं पानी," कोब्रा म्हणाला आणि त्यानं वरच्या अंगाला पाणी सोडलं. त्या गेममध्ये पाणी शेतातून गेलं की पीक उपटून वाहून जातं. गहू गेला, गाजर गेलं, बीट गेलं. महिनाभराचं. मी बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी सभा घेतली. मला वाटलं, माझ्या शेताचं बोलतील.

"मावशी, आपण शांतताप्रिय लोक आहोत," सर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. तुमचा आवाज चांगलाच आहे. पण त्या मुलांना चिथावणी मिळते ती त्यानंच. तुम्ही काही दिवस माइक बंद ठेवा. ऐका सगळं. फक्त बोलू नका."

"तुमच्याच भल्यासाठी, मावशी," डॉक्टर मॅडम.

वाडीत मतदान उड्या मारून व्हायचं. पटलं तर जागच्या जागी एक उडी. सर म्हणाले, "सहमत?"

तेरा चौकोनी माणसं माझ्या समोर टुणटुण उडाली. माझं तोंड बंद व्हावं म्हणून. नानाही उडाले. त्यांना नंतर विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं चहाला थांबायचं विचारता ते."

मी माइक बंद केला. ओठ हलव, आवाज काढू नकोस.

पुढचे आठ दिवस मी मुकी शेती केली. ते एक वेळ चाललं असतं. पण ते मोबाइलमधून बाहेर आलं. सकाळी बाजारात आरोळी द्यायला तोंड उघडलं आणि जीभ थांबली. लसूण. यात तो आहे. लसून म्हणू की लसूण? विचार करेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या बाईकडं गेलं. मग मी लसूण म्हणायचंच सोडलं. मग हळूहळू आरोळीच सोडली. ज्या आवाजावर आईनं मला वाढवलं, ज्या आवाजावर मी माझ्या लेकरांना वाढवलं, तो घशात खाली खाली जात होता. शेजारची म्हणाली, "आजारी हायस का गं?" मी मान हलवली. मानच हलवत होते सगळीकडं.

आणि कोब्रा येतच होता. हे बघा मजा. माझा आवाज बंद, तरी येतच होता. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

रविवार. दुपारचा एक. कोब्रा वाडीची पाणपोई जाळत होता. "आज पानीवाली मुकी का रे?" असं ओरडत होता. सर नेहमीच्या थंड आवाजात आम्हाला सांगत होते, "दुर्लक्ष करा. शांत राहा."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

भर बाजारात, शंभर आवाजांतून माझं गिऱ्हाईक कुठून हाक मारतंय हे वेगळं काढणारा कान आहे माझा. ती शिट्टी मी दोनदा ऐकली. एक कोब्राच्या माइकमधून, जवळून. एक सरांच्या माइकमधून, लांबून. एकाच कुकरची. रडकी, शेवटी गुळणी केल्यासारखी. दुसरी झाली. तिसरी झाली. मग एका बाईचा आवाज, तोही दोन्हीकडून: "अरे, तीन झाल्या ना? गॅस बंद कर!"

"एक मिनिट," कोब्रा म्हणाला.

पाणपोई अर्धी जळायची राहिली. सरांच्या माइकमध्ये चपलांचा फटक फटक आवाज झाला. कुकर गप्प झाला. चपला परत आल्या.

"हां," कोब्रा म्हणाला. "कुठं होतो आपण?"

वाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं. नानांनासुद्धा शिट्टी ऐकू आली असेल, इतकी ती कर्कश होती. डॉक्टर मॅडमनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. सर घाईघाईनं म्हणाले, "शांत राहा. सगळ्यांनी शांत राहा."

मी माइक चालू केला.

"सर," मी म्हटलं, "गॅस कोनी बंद केला?"

कोनी. मुद्दाम नाही म्हटलं. माझ्या तोंडात तसंच येतं.

"काय म्हणाल्या बाई?" नाना.

"नाना, मी म्हनते, आग लावनारं पोरगं सरांच्या सैपाकघरात हाय! आन् तोंड बंद माझं केलं!"

"मावशी," सरांचा आवाज पहिल्यांदा चिरकला, "हा आमचा घरगुती विषय आहे. वाढवू नका."

"माझं शेत वाहून गेलं ते बी घरगुतीच व्हतं का?"

आता कोब्रा तापला. "ए भाजीवाली, औकातीत राहा."

आणि मला काय झालं कुणास ठाऊक. एवढी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती. आठ दिवस दाबलेला आवाज सगळा एकदम वर आला. "थांब, माल बघू दे," मी म्हटलं. "हे तर कालचंच हाय. पानी मारून ताजं दाखवतो व्हय? देठ बघ, काळं पडलंय. दुसरं काय आनलं?"

त्यानं माझ्या आईवरून शिवी दिली.

"ही तर पार सडली. ही मी गाईला बी घालत नाय. तिसरं हाय का? का तेवढंच घेऊन निघाला घरनं?"

त्याचे दोघे जोडीदार फिसकन हसले. मला नाही. त्याला.

"आता म्हन," मी म्हटलं, "'हो आई, केला गॅस बंद.' म्हन की. जीभ वर लाव. जोरात म्हन."

आमचा कोब्रा, तीन वेळा वाडी जाळणारा, रडकुंडीला आला. आणि भर माइकवर म्हणाला, "पप्पा, काढा ना हिला!"

पप्पा.

मी त्याला सोडायला हवं होतं. नाही सोडलं. "पप्पा म्हन," मी म्हटलं. "परत म्हन." दोनदा म्हटलं. त्याचा हुंदका ऐकू येईपर्यंत म्हटलं. क्रूर होतं ते. असू दे. मला कुणी शिकवलं ते सगळ्या वाडीनं ऐकलं होतं.

मग सरांनी मतदान घेतलं. खरंच घेतलं. "आपल्या गावात सुडाला जागा नाही. मावशींना काढावं लागेल. सहमत?"

पासवर्ड घरात कुणी दिला, हे कुणी विचारलं नाही. यावेळी नानांनी आधी मोठ्यानं विचारलं, "कशाला?" आणि ते जागचे हलले नाहीत. बाकी बारा उड्या. डॉक्टर मॅडमची सगळ्यांत शेवटी. पण मारली.

मोबाइल काळा झाला. वर एकच ओळ. तुम्हाला या गावातून काढण्यात आले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात तोंड उघडलं. "लसून! लसून घ्या, लसून!" शेजारची दचकली. पुलावरच्या माणसानं वळून बघितलं.

परवा डॉक्टर मॅडम आल्या. मेथीची जुडी उलटीसुलटी केली. इकडं तिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, सर मनानं वाईट नाहीत हो. मुलाला त्यांनी चांगलं झापलंय. तुम्ही परत या. सगळे तयार आहेत. फक्त..." आणि त्यांनी पुढचं न बोलता बोट ओठांवर ठेवलं. अगदी मायेनं. बाईंसारखं.

आई आता नाही. त्या दिवशी तिनं जो आवाज ऐकला तो माझा नव्हता, हे तिला कधी कळलं नाही. मला कळतं.

मी मेथीची जुडी त्यांच्या हातातून परत घेतली. ढिगावर ठेवली. आणि पुलापलीकडे जाईल अशा आवाजात म्हटलं,

"नाय."