मोबाईल धरणारा हात

दुपारची जेवणं झाली आणि आम्ही दोघं गॅलरीत बसलो. मी जिवंत आहे हे पेन्शनवाल्यांना दरवर्षी कळवावं लागतं. आधी रांगेत उभा राहायचो. आता मोबाईलसमोर तोंड करायचं, डोळे मिटून उघडायचे, की दाखला निघतो. बायकोनं मोबाईल धरला, मी खुर्चीत ताठ बसलो.

चौकटीत माझा चेहरा यायचा, चाक फिरत राहायचं आणि मग ‘पुन्हा प्रयत्न करा’.

“हलवू नको.”

“मी कुठं हलवते? तुम्हीच डोळ्यात मिरची गेल्यासारखे डोळे मिटता.”

दहा-बारा वेळा तेच झालं. “तुम्ही जिवंत आहात हे त्याला पटत नाही,” ती हसत म्हणाली. “दाढी तरी करून या.”

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, “एक मोबाईल धरता येत नाही तुला. जन्मात एक काम धड केलं नाहीस.”

तिनं मोबाईल ठेवला आणि आत वाटाणे सोलायला गेली. दिवेलागणीला छातीत दुखतंय म्हणाली. रिक्षानं दवाखान्यात नेलं. तासाभरात संपलं.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. लेक तेवढी थांबली. ती कळवणला शाळेत शिकवते. संध्याकाळी तिला दाखल्याची आठवण झाली. तिनं स्वतःचा मोबाईल माझ्यासमोर धरला. रडून रडून तिचे हात लटपटत होते. मी डोळे मिटले, उघडले. झालं.

“एवढ्यात? तुझ्या आईनं तर लय वेळा केलं.”

“तुमच्या मोबाईलवर व्हायचंच नाही, बाबा. दिसायला दोन्ही सारखे, पण तुमच्यातला प्रोसेसर जुना आहे. चेहरा ओळखायचा, डोळे मिटले का बघायचं, एवढं त्याला झेपत नाही. त्याचं तपासून होईपर्यंत वेळ संपतो. कुणीही धरला असता तरी तेच.”

मी सातवी शिकलेला माणूस, पण हे मला लगेच कळलं. अंबडच्या कारखान्यात मी तीस वर्षं लेथवर काढली. दोन लेथ बाहेरून सारख्याच असतात, एकीची मोटर कमी ताकदीची असते. तिच्यावर मोठा कट घेतला, एका दमात जास्त लोखंड कापायला गेलं, की मशीन बसतं. तेव्हा मी मशीनवरच्या माणसाला कधी बोल लावला नाही. आधी मोटर बघायचो. घरात मात्र बघितली नाही.

“आईला उगाच वाटलं,” लेक म्हणाली. “त्या दिवशी पाच वाजता तिचा फोन आला होता. म्हणाली, माझे हात थरथरायला लागले गं, साधा मोबाईल धरता येत नाही. डॉक्टरला दाखवायला पाहिजे.”

मी काय बोललो ते तिनं पोरीला सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. पोरीनं चपात्या केल्या, त्या दोन खाल्ल्या आणि पडून राहिलो.

सकाळी लेक एसटीला जायला पिशवी भरत होती. मी तिच्यासमोर बसलो.

“तिचे हात चांगले होते,” मी म्हणालो. “मीच तिला तसं बोललो.” आणि जे बोललो ते एक शब्द न गाळता सांगितलं.

पिशवीची चेन अर्धी लावून ती थांबली. “मग नंतर समजूत काढली ना?”

“नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. तिची गाडी निघून गेली तरी ती जागची उठली नाही. मीही समोरून उठलो नाही.