बाचानच्या फ्रिजवरचा कागद

जपानमध्ये, ओजिमातल्या आमच्या इमारतीत, आमच्यापासून दोन दारं सोडून बाचान राहतात. बाचान म्हणजे आजी. हे नाव माझ्या मुलीने तीन वर्षांची असताना त्यांना दिलं. तेव्हा त्या आजी म्हणण्याइतक्या म्हाताऱ्याही नव्हत्या. आम्ही दोघंही नोकरीवर, पाळणाघर सहाला बंद व्हायचं, आणि मला गाडी कधीच वेळेत मिळायची नाही. बाचान मुलीला घरी आणायच्या, भात आणि सूप भरवायच्या. पैशांचा विषय काढला की म्हणायच्या, "मला मुलगी नाहीये. मग हिशेब कसला?" असं सात वर्षं चाललं. हे आधी सांगतो, कारण मी ज्यांच्याशी असा वागलो त्या कोण होत्या, हे माहीत असायला हवं.

त्यांचे यजमान एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. ते गेल्यापासून बाचानना त्यांची पेन्शन मिळायची. शिवाय त्या स्वतः जेवणाचे तयार डबे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होत्या. पहाटे सायकलवर जायच्या, दुपारपर्यंत डब्यांसाठी अंड्याच्या ऑम्लेटच्या घड्या घालायच्या. एकोणीस वर्षं. त्या पगारातूनही पेन्शनचे पैसे कापले जात होते.

एका संध्याकाळी त्या संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. मुलीचा बाबा म्हणून त्या मला पापासान म्हणतात. "पापासान, तुम्ही बँकेत आहात, म्हणून विचारते. पुढच्या जानेवारीत मी पासष्टची होते. आत्तापर्यंत मला फक्त यांचीच पेन्शन मिळाली. पासष्टनंतर माझी स्वतःची सुरू होईल म्हणतात. मग दोन्ही मिळणार का हो?"

"हो, दोन्ही," मी लगेच म्हणालो.

मी काहीही वाचलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर माझी आई होती. ती डोंबिवलीला असते, महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. वडील पोस्टात होते. ते गेल्यापासून दर महिन्याला फोनवर ठरलेलं वाक्य असतं, "माझी जमा झाली, ह्यांची अजून व्हायचीय." दोन पेन्शनी, दोन पासबुकं, एकीचा दुसरीला धक्का नाही. मला वाटलं, विधवा बाईच्या बाबतीत सगळीकडे असंच असणार. इतकी वर्षं जपानमध्ये राहून मी हे गृहीत धरलं. त्यावर कडी म्हणजे बँकवाला असल्याचा मान राखायला मी एक तक्ता केला. एका रकान्यात यजमानांची रक्कम, दुसऱ्यात त्यांची, खाली ठळक बेरीज. ऑफिसच्या चांगल्या कागदावर छापून दिला.

बाचाननी तो टोमॅटोच्या आकाराच्या चुंबकाने फ्रिजवर लावला. बराच वेळ बेरजेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग ओसाकाला नाही जावं लागणार."

ओसाकाला त्यांचा मुलगा राहतो. त्याने आईसाठी एक खोली तयार ठेवली होती. मी विचारलं, सून बरी नाही का? "चांगली आहे हो. तेच तर. चांगल्या माणसांच्या घरी पाहुणी म्हणून किती वर्षं राहायचं?"

मग ऑक्टोबर आला. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक सहकारी आपल्या आईबद्दल बोलत होता. सहज म्हणाला, "तिची स्वतःची सुरू झाली, त्यामुळे वडिलांची तेवढीच कमी झाली. नेहमीचंच." माझा घास तसाच राहिला. दुपारभर मी शब्दकोश उघडून नियम वाचला, तीनदा वाचला. पासष्टनंतर बाईची स्वतःची पेन्शन आधी. त्यातला जो भाग तिच्या पगारातून कापलेल्या पैशांवर मिळतो, तेवढी रक्कम नवऱ्याच्या पेन्शनीतून वजा. आणि पासष्टीच्या आत विधवा झाल्याबद्दल जी जास्तीची रक्कम मिळत होती, तीही पासष्टला बंद. बाचानच्या हातात आत्तापेक्षा थोडं जास्त पडणार होतं, पण माझ्या बेरजेपेक्षा खूपच कमी. घरभाडं दिल्यावर, नोकरीशिवाय भागणार नव्हतं.

आणि कारखान्याला त्यांना महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं, पुढच्या वर्षीचा करार हवा की नको. हातात अकरा दिवस होते.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, उद्या पुन्हा खात्री करू. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मैत्रीण आली होती. रविवारी सकाळी इमारतीच्या अंगणात रेडिओवरच्या व्यायामाला मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्या सगळ्यांना सांगत होत्या, "फेब्रुवारीपासून मी सातपर्यंत झोपणार, बघाच." सगळे हसले. मी हात वर केले, हात खाली केले. तिथेच सांगता आलं असतं. लाज वाटत होती, एवढंच खरं कारण. माझी चूक कळली असती, आणि त्यांच्या नजरेतला हुशार पापासान संपला असता. तीस तारखेला त्यांनी कारखान्याला नको म्हणून कळवलं. त्या संध्याकाळी त्या आनंदाने स्वतः केलेलं अंड्याचं ऑम्लेट घेऊन आल्या. मी ते खाल्लं.

फेब्रुवारीच्या शेवटी पेन्शनचं पाकीट आलं. बाचान ते घेऊन दारात उभ्या. "पापासान, ही रक्कम तुमच्या कागदाशी जुळत नाही. फॉर्म भरताना माझंच काही चुकलं का?"

तेव्हाही मी म्हणालो, "बघून सांगतो."

दार लावलं तर बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. "चेहरा का असा झालाय तुझा?"

मी सांगितलं.

"कधीपासून माहितीये तुला?"

"ऑक्टोबरपासून. त्यांनी कारखान्याला कळवायच्या आधी अकरा दिवस."

तिने गॅस बंद केला. "अरे, रोज लिफ्टमध्ये भेटत होतास त्यांना!"

आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला, "बाबा, हिदोई." किती वाईट वागलास, असा त्याचा अर्थ. जास्त राग आला की ती जपानीतच बोलते.

"चपला घाल आणि जा," बायको म्हणाली.

"सकाळी शांतपणे..."

"आत्ता. भाजी गार होऊ दे."

बाचानच्या घरी बुटक्या टेबलाशी बसून मी सगळं सांगितलं. आई, दोन पासबुकं, कॅन्टीन, सगळं. किटली शिट्टी वाजवायला लागली तेव्हा उठून बंद करून आल्या.

"तीस तारखेच्या आधी माहीत होतं?"

"हो."

"व्यायामाच्या दिवशी?"

"हो."

"ऑम्लेट चांगलं झालं होतं ना?"

त्यांनी चष्मा लावला, पत्र टेबलावर सपाट केलं. "आता पुन्हा सांगा. या वेळी माहीत असेल तेवढंच."

मी ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलो. "ही तुमची. आणि ही तुमच्या यजमानांची, कापलेली."

"माझ्या कामामुळे त्यांची कापली?"

"हो. कारखान्यातल्या पगारातून जेवढी जमली, तेवढी."

"म्हणजे तिथल्या एकोणीस वर्षांचं जास्तीचं काहीच नाही."

काहीतरी गोड बोलावंसं वाटलं. पण तेवढ्यासाठी आलो नव्हतो. "नाही, जास्तीचं नाही," मी म्हणालो.

त्या पहिल्या ओळीकडे बघत राहिल्या. "पण ही माझ्या नावाची आहे?"

"हो. आधी तुमची, पूर्ण. मग कमी पडेल तेवढी त्यांची."

कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात यजमानांचा फोटो होता. त्याच्याकडे बघून बाचान एकदम हसल्या. "असाच होता हा. थंडीत मध्ये भांडं ठेवून जेवायला बसलो की पळीला हात लावायचा नाही. तू घे आधी, उरेल ते मी बघतो, म्हणायचा. बघायचाही. तळ चकचकीत करायचा." हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग माझ्याकडे वळल्या. "पापासान, मला तुमचा राग आलाय. खूप. रकमेचा नाही. त्या अकरा दिवसांचा."

मी म्हणालो, जो फरक पडतोय तो दर महिन्याला मी देईन.

"द्या की. मग तुम्ही गेल्यावर तुमच्या बायकोच्या पेन्शनीतून माझी कापतील." आणि हातानेच विषय मोडला.

पुढच्या आठवड्यात रजा काढून मी त्यांच्याबरोबर पेन्शन कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनीही तेच सांगितलं. मग बाचान कारखान्यात विचारायला गेल्या. मी बाहेर सायकलींपाशी थांबलो. त्यांच्या अंड्याच्या जागेवर नवी बाई आली होती. आठवड्यातून तीन सकाळी भात भरायचं काम होतं, पगार कमी आणि उभं राहणं गारठ्यात. त्यांनी ते घेतलं. ओसाकाला फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. "नाही रे, अजून नाही येत. इथे माझी कामं आहेत," त्या मुलाला जरा मोठ्यानेच सांगत होत्या.

मी माझा तक्ता परत मागितला. दिला नाही. आता तो फ्रिजवर उलटा लावलेला आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मोठ्या अक्षरांत कामाचे वार लिहिलेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार.

हा त्यानंतरचा हिवाळा. बाचान आपल्याच घरी आहेत, पण माझ्यामुळे त्यांना गुडघे दुखत असतानाही गारठ्यात उभं राहावं लागतं. त्या अकरा दिवसांत मी बोललो असतो, तर त्या आज अंड्यांपाशी, उबेत असत्या. त्या तीन दिवशी मी साडेपाचला खाली जातो. त्यांच्या सायकलच्या सीटवर दव गोठलेलं असतं, ते फडक्याने पुसतो. पहिल्या दिवशी त्या सरळ सायकलवर बसून निघाल्या. काल बसता बसता म्हणाल्या, "पुसलं तरी गार ते गारच, पापासान."

मग पायडलवर पाय ठेवून थोडं थांबल्या. "बुधवारी येताना हातमोजे घाला. बोटं बघा कशी झालीत."