एलिफच्या दोन ओळी

ऊर्मिला दाबके कोलोनच्या एका हाउप्टशुलेत इंग्रजी शिकवत. जर्मनीत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. वर्गशिक्षिका शिफारस लिहिते; हुशार ठरलेली मुलं गिम्नाझियुमला जातात, उरलेली या शाळेत येतात. ऊर्मिलाबाईंच्या आठवीत चोवीस मुलं होती, त्यांतली एकोणीस तुर्की, मोरोक्कन, काँगोली घरांतली. स्टाफरूममध्ये सगळे याला योगायोग म्हणत.

२००६चा उन्हाळा. फुटबॉलच्या विश्वचषकामुळे गाड्यागाड्यांवर झेंडे फडफडत होते आणि शाळेच्या मेळाव्याचा विषय होता वंशभेदाचा विरोध. निबंध म्हटलं की ही मुलं बाकावर डोकी टेकत. मधल्या सुट्टीत मात्र तीच बाकं बडवत रॅप म्हणत.

"मग रॅपच लिहा," बाई म्हणाल्या. "जे खरं घडलं तेच. दुसरी अट नाही."

सहा आठवडे मुलांनी लिहिलं, खोडलं, भांडणं केली. बाईंनी त्यातल्या शिव्या तेवढ्या खोडल्या. एलिफच्या दोन ओळी त्यांना पाठ झाल्या होत्या:

गणितात मी पहिली आले, तरी खालची शाळा दिली,
'घरी अभ्यास कोण घेणार?' म्हणत बाईंनी सही केली.

मुख्याध्यापक फोग्ट यांनी कागद वाचला. "फ्राऊ दाबके, झकास! फक्त या दोन ओळी तेवढ्या काढा."

"का?"

"वंशभेद म्हणजे स्टेशनवरचे ते टकले नाझी गुंड. त्यांच्यावर लिहा की! शिक्षकांना कशाला मध्ये ओढता? एलिफच्या त्या प्राथमिक शाळेची मंडळी पाहुणी म्हणून येणार आहेत. ओळी राहिल्या तर गाणं नाही."

घरी बाईंनी पातेलं ओट्यावर आदळलं. "अहो, आपली ऊर्जा चौथीत होती तेव्हा आपल्यालाही हेच ऐकवलं होतं, 'घरी अभ्यास कोण घेणार?'"

"हो ना," सुधीर म्हणाले. "मी टाय लावून गेलो, कंपनीचं कार्ड टेबलावर ठेवलं. पाच मिनिटांत शिफारस बदलली."

"एलिफचे बाबा बेकरीत कामाला आहेत. त्यांनी कुठलं कार्ड ठेवायचं?"

"खरं आहे तुझं. पण ऑगस्टमध्ये तुझी नोकरी कायम व्हायची आहे, आणि ते फोग्टच्या हातात आहे."

बाईंना राग फोग्टचा होता, सुधीरचाही होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. कारण दुसऱ्या दिवशी आपण काय करणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"एलिफ, चोवीस जणांचं गाणं आहे गं."

"तुम्हीच म्हणालात, खरं तेच लिहा. आता खोटं लिहू?"

"खोटं नाही. दोन ओळी फक्त गाळायच्या."

"गेनाऊ, बरोब्बर," एलिफ म्हणाली. "मलाही तसंच गाळलं होतं."

मेळाव्याच्या दिवशी गाणं रंगलं. एलिफची पाळी आली. तिने माइक तोंडाशी धरला आणि ती गप्प उभी राहिली. ठेका चालू होता. बरोबर दोन ओळींएवढा वेळ चोवीसच्या चोवीस मुलं हाताची घडी घालून समोर बघत राहिली, मग पुढचं कडवं सुरू झालं. पाहुण्यांना वाटलं, मुलगी घाबरली. त्यांनी तिला धीर द्यायला टाळ्या वाजवल्या.

"बघा," फोग्ट बाईंच्या कानाशी म्हणाले, "कुणाचंही मन न दुखवता किती छान झालं!"

बाईंना वाटलं, सहा आठवडे मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि शेवटी आपणच त्यांचं तोंड बंद केलं.

सोमवारी वर्ग संपल्यावर त्यांनी क्लासेनबूख पुढे ओढलं. प्रत्येक तासाला काय शिकवलं ते या वहीत लिहून शिक्षकाने सही करायची असते. बाई एरवी 'धडा चौथा, स्वाध्याय' असं लिहीत. आज त्यांनी त्या चौकोनात एलिफच्या दोन्ही ओळी लिहिल्या. अक्षर बारीक केलं तरी शेवटचे शब्द समासात गेले. याने एलिफची शाळा बदलणार नव्हती. त्यांनी पूर्ण नावाची सही केली.

वही ऑफिसात नेण्याची पाळी त्या आठवड्यात एलिफची होती. तिने ती उघडून वाचली.

"फ्राऊ दाबके, शुक्रवारी हेर फोग्ट ही वही तपासतात."

"माहीत आहे मला."

एलिफ वही छातीशी धरून उभीच राहिली.

"ने ना," बाई वैतागून म्हणाल्या, "नाहीतर माझाच विचार बदलेल."