उळवीच्या जत्रेची कॅसेट

जोयड्यात रेडिओ-टेप दुरुस्त करणारा तो एकटाच, म्हणून त्याचा माज चालवून घ्यावा लागे. बसचा हॉर्न वाजला की मान वर न करता त्याचा सूर सांगायचा, "काळी दोन. जरा उतरलाय." ड्रायव्हरलाही सांगून यायचा.

त्याला बहिणीबरोबर भजनांची कॅसेट काढायची होती, उळवीच्या जत्रेत विकायला. बहीण खानापूरकडे दिलेली. दरवर्षी जत्रेआधी ती आठ दिवस यायची, मी कचेरीतून सुटलो की माझा टेप नेऊन द्यायचो, दोघं गायची आणि कॅसेट अर्धीच राहायची. एकदा पेटीचा भाता फाटला, एकदा मोर ओरडला, एकदा करंट गेला. सात वर्षं! कव्हर मात्र पहिल्याच वर्षी छापलेलं, दोघांच्या फोटोसकट. त्याचे केस आता त्या कव्हरवरच काय ते उरले होते.

आठव्या वर्षी मी दाराला कडी घालून बसलो. सगळी भजनं एका दमात झाली, कुठं खोट नाही. त्यानं शांतपणे कॅसेट मागं फिरवली, लाल बटण दाबलं आणि गायलेलं सगळं पुसून टाकलं.

"अरे, काय केलंस हे?" मी ओरडलो.

"सूर चढला हुता."

"कुठं चढला होता?"

"चढलाच हुता, साहेब," बहीण पदराआड हसली. "देवाचं काम अर्धं हाय म्हणून सासू धाडतीया. पुरं झाल्यावर कोण धाडतंय?"

पुढच्या वर्षी टेप नेताना आतली एक वायर मी घरूनच तोडून नेली. त्यानं झाकण उघडलं, वायर बघितली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला चहा पाजला.