दाजी, डबा आणि दिंडोरीची पाखरं

माझ्या मनःशांतीपायी माझ्या मेहुण्याची द्राक्षबाग जाता जाता वाचली, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. मनावर ओझं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलंय.

बावन्नाव्या वर्षी माझं ब्लडप्रेशर वाढलं, झोप उडाली. ऑफिसात कुणी नुसतं "जरा येता का?" म्हटलं, तरी आपल्या हातून काय काय चुकलं असेल याची मी मनात उजळणी करायचो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्याखाली लिहिलं, 'निसर्गाच्या सान्निध्यात राहणे.' (ते अक्षर मी औषधांच्या दुकानात वाचून घेतलं. दुकानदार म्हणाला, "हे आमच्याकडे मिळत नाही.")

"मग बाळूकडे जा की आठ दिवस," सुनंदा म्हणाली. सुनंदा माझी बायको आणि बाळू तिचा धाकटा भाऊ. दिंडोरीजवळ त्याची द्राक्षबाग आहे. "तिथं निसर्गच निसर्ग. फक्त एक करा, कशाला हात लावू नका."

सोमवारी मी नवाकोरा केशरी ट्रॅकसूट घालून बाळूकडे पोहोचलो. त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. घराजवळच्या बागेत द्राक्षं उतरायला आली होती. शुक्रवारी व्यापारी ती बघायला येणार होता, आणि वर्षभराची मेहनत त्याच्या एका फेरीवर ठरणार होती. त्यात कॅनॉलपलीकडच्या दुसऱ्या बागेत काढणी चालू! बाळू आणि वहिनी पहाटे अंधारात तिकडे जात, अंधार पडल्यावर परत येत.

"दाजी, घर तुमचंच हाय," बाळू म्हणाला. "खा, झोपा. आन् जमलं तर बागंवर जरा ध्यान ठेवा."

मी ध्यानच ठेवलं. मंगळवारी सकाळी बागेच्या कडेला मांडी घालून डोळे मिटले. पण बागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल-चंदेरी फिती ताणल्या होत्या आणि त्या वाऱ्यावर सारख्या फर्रर्र, फर्रर्र वाजत होत्या. निसर्गाशी एकरूप व्हायला जावं, तर पिठाच्या गिरणीशी होत होतो! मला वाटलं, कुठल्याशा पूजेची उरलेली सजावट असेल. शिवाय प्लास्टिक! मी स्टूल आणलं, सगळ्या फिती उतरवल्या, गोणीत कोंबल्या आणि त्या गोणीवर बसलो. आसनाची सोय झाली, पर्यावरणही वाचलं.

मग अशी शांतता पसरली की काय सांगू! पाचव्या मिनिटाला एक बुलबुल येऊन समोर बसला. माझे डोळे भरून आले. गेल्या कित्येक वर्षांत माझ्याजवळ आपणहून येऊन बसलेला हा पहिलाच जीव! (घरी मी सोफ्यावर बसलो की बाकीचे उठतात.) मी स्वयंपाकघरातून बाजरीचा पत्र्याचा डबा आणला, पपई चिरली आणि डब्यावर चमच्याने ठणठण केलं. बुलबुल बायको घेऊन आला.

बुधवारी नुसतं 'ठण' केलं की साळुंक्या, पोपट, बुलबुल, सगळी पंगत हजर. मी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'आज शंभर पाहुणे जेवून गेले! मन भरून आलं.' बाळूने खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. (त्याला वाटलं, मी गावातल्या लग्नाला गेलोय.)

गुरुवारी संध्याकाळी तो लवकर आला. बागेकडे बघून जागीच थांबला.

"दाजी, फिती कुठं हायेत?"

"कुठल्या फिती?"

"अहो, पाखरं बसू नये म्हणून लावलेल्या!"

मी हळूच आसनावरून उठलो. बाळूने गोणी उघडली. तीन दिवसांच्या ध्यानाने मी त्या फितींचा असा गुंता करून ठेवला होता की एक ओढली तर पंधरा बाहेर येत होत्या आणि त्या पंधराही तुटत होत्या. कडेच्या ओळीतला एकेक घड टोचलेला होता.

"तरी म्हटलं, बाजरी कुठं जाती!" वहिनी म्हणाल्या. "मी उंदरांना शिव्या घालत होते."

मला रडूच फुटलं. "बाळू, माझं चुकलं रे. मी उद्या कडक उपास करतो."

"उपास नका करू, राखण करा!" बाळू म्हणाला. "व्यापारी जाईस्तोवर उभं राहा, डबा बडवा. एक पाखरू बसलं नाय पायजे."

शुक्रवारी उजाडताच मी केशरी ट्रॅकसूटमध्ये उभा राहिलो. पहिली साळुंकी दिसली आणि मी सगळ्या पापांचं प्रायश्चित्त त्या डब्यावर काढलं. ठण! ठण! ठण!

दिंडोरी तालुक्यातली झाडून सगळी पाखरं आली.

"दाजी, वाजवू नका!" बाळू ओरडला.

"तूच म्हणालास वाजवा!"

"आता मीच म्हणतो, थांबा!"

मी थांबलो. पानं वाढायला उशीर झाला की पाहुणे जसे स्वयंपाकघरात डोकावतात, तशी पाखरं द्राक्षांकडे वळली. तेवढ्यात वळणावर धुरळा उडाला. व्यापाऱ्याची गाडी! बाळू मटकन बांधावर बसला.

डोकं चाललं ते वहिनींचं. "अहो, ती दाजींच्याच मागं येतात ना? मग दाजींनाच घालवा!"

मी पळालो. एका हाताने डबा बडवत, दुसऱ्याने बाजरी उधळत, कॅनॉलच्या कडेने थेट गायरानापर्यंत! डोक्यावर सगळी पंगत किलबिलत होती. दोन तास तिथं गोल गोल फिरलो, कारण मी थांबलो की एक वयस्कर साळुंकी बागेच्या दिशेने मान वळवायची.

इकडे व्यापाऱ्याने विचारलं म्हणे, "ते केशरी कोण पळतंय?"

"आमचे दाजी. नाशिकचे. तब्येतीसाठी आलेत."

"गुण येतोय का?"

"लांब गेले की आम्हाला येतो," बाळू म्हणाला.

टोचलेली ओळ सोडून बागेचा सौदा झाला. त्यानंतरही रोज सकाळी मी डबा वाजवत गायरान गाठलं, काढणी संपेपर्यंत! परत आल्यावर डॉक्टरांनी ब्लडप्रेशर दोनदा मोजलं. "उत्तम! नेमकं काय केलंत?"

"निसर्गाला घेऊन लांब पळालो," मी खरं ते सांगितलं.

निघताना बाळूने तो डबा मला भेट दिला. ("परत येताना आणू नका," एवढंच म्हणाला.) आता तो सुनंदाच्या ताब्यात असतो. रोज सकाळी सहाला ती त्यावर चमचा आपटते, मी ट्रॅकसूट चढवून निमूट फिरायला जातो, आणि परत आलो की पोहे मिळतात. पाखरांना हे शिकायला दोन दिवस लागले होते. मला एकच लागला.